टॅपेट कव्हरखालची जागा

नवे रॉकर बसले, टॅपेट सेट झाले, इंजिन हाताने फिरवून पाहिले. आता वरचे झाकण लावायचे आणि चावी मारायची, एवढेच उरले. जुन्या अमेरिकन व्ही-एट गाड्यांच्या कितीतरी हौशी मालकांचा उत्साह नेमका इथे थबकतो. झाकण पॅकिंगवर टेकतच नाही, ते रॉकरच्या डोक्यावर डुगडुगत राहते. कधी ते बसते, बोल्टही लागतात, पण इंजिन सुरू झाले की आतून टक टक असा आवाज येऊ लागतो. मालक पुन्हा टॅपेट तपासतो, पुन्हा फिलर गेज लावतो. दोष मात्र टॅपेटमध्ये नसतो. रॉकर प्रत्येक फेरीत झाकणाच्या आतल्या बाजूवर आपटत असतो.

गॅरेजमध्ये ज्याला टॅपेट कव्हर म्हणतात, ते हे झाकण. दिसायला साधा पत्रा किंवा अॅल्युमिनियमचे ओतीव भांडे. त्याने काही ताकद निर्माण होत नाही. वर उडणारे तेल आत ठेवणे, धूळ बाहेर ठेवणे, आवाज थोडा दाबणे आणि इंजिनातल्या वाफांना बाहेर पडायला वाट देणे, एवढीच त्याची नोकरी. म्हणूनच बहुतेक जण त्याचा विचार सगळ्यात शेवटी करतात. खरे तर रॉकर बदलायचे ठरले त्याच दिवशी झाकणाच्या आतली उंची मोजली गेली पाहिजे.

हे सगळे कशासाठी, ते कळायला रॉकर हलवणाऱ्या भागांच्या साखळीच्या खालच्या टोकापासून वर यावे लागते आणि ते टोक सोलापूरकरांना परके नाही. जुळे सोलापुरातून निघून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेले, किंवा शहर ओलांडून पुणे रस्त्यावरच्या चिंचोळीला गेले, की प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचे कारखाने लागतात. यतीन शहा यांनी १९९२ मध्ये सुरू केलेली ही कंपनी नावाप्रमाणे कॅमशाफ्ट बनवते. मारुती सुझुकी, टाटा, महिंद्रा, ह्युंदाई यांच्या जोडीला फोर्ड आणि जनरल मोटर्स ही नावेही तिच्या ग्राहकांमध्ये राहिली आहेत. २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात आले. यंत्रमागांच्या शहरातून जगभरच्या मोटारींना कॅमशाफ्ट जातात, ही गोष्ट खुद्द शहरातच तशी कमी बोलली जाते.

कॅमशाफ्ट म्हणजे एक लांब दांडा आणि त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे. या उंचवट्यांना लोब म्हणतात. दांडा फिरला की लोबचे टोक वर येते आणि वरच्या भागाला ढकलते. इंजिनातला व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती उघडायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा, हे सगळे त्या लोबच्या आकारात कोरलेले असते. लोबच्या पृष्ठभागावर सतत घासाघीस चालते, म्हणून तो फार कठीण हवा. पण अख्खा दांडा तसा कठीण केला तर तो ठिसूळ होऊन मोडेल. सोलापुरात बनणाऱ्या चिल्ड कास्ट आयर्नच्या कॅमशाफ्टमध्ये याचे उत्तर ओतकामातच दिलेले असते. साच्यात लोबच्या जागी धातूचे तुकडे ठेवतात. वितळलेले लोखंड त्यांना लागताच तिथे झटकन थंड होते आणि वरचा थर पांढऱ्या, कठीण लोखंडाचा होतो. बाकीचा दांडा सावकाश थंड होतो आणि चिवट राहतो.

जुन्या अमेरिकन व्ही-एटमध्ये हा कॅमशाफ्ट इंजिनाच्या पोटात, दोन्ही बाजूंच्या सिलिंडरच्या रांगांच्या बेचक्यात असतो. व्हॉल्व्ह मात्र वर, हेडमध्ये. मग खालची हालचाल वर पोचवायला लोबवर टॅपेट बसतो, टॅपेटवर पुश रॉड उभा राहतो आणि पुश रॉड रॉकरचे एक टोक वर ढकलतो. रॉकर म्हणजे बागेतली डुलती फळी. एक टोक वर गेले की दुसरे खाली येते आणि व्हॉल्व्हच्या देठाला दाबते. खालून स्प्रिंग व्हॉल्व्हला परत वर ओढते. इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्या घेत असेल तर कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या, म्हणजे तीन हजार घेतो. प्रत्येक रॉकर सेकंदाला पन्नास वेळा डुलतो.

फळीचा टेकू अगदी मध्यावर नसतो. व्हॉल्व्हकडची बाजू लांब, पुश रॉडकडची आखूड. त्यामुळे लोब जेवढा वर ढकलतो त्यापेक्षा व्हॉल्व्ह जास्त उघडतो. या पटीला रॉकर रेशो म्हणतात. शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-एटमध्ये तो १.५, त्याच कंपनीच्या बिग ब्लॉकमध्ये १.७. समजा लोबची उंची ७.६ मिलिमीटर आहे. १.५ च्या रॉकरने व्हॉल्व्ह ११.४ मिलिमीटर उघडतो, १.६ चा रॉकर लावला तर सुमारे १२.२. कॅमशाफ्ट काढायचा नाही, इंजिन उतरवायचे नाही, तरीही व्हॉल्व्ह जवळपास पाऊण मिलिमीटर जास्त उघडतो आणि सिलिंडरला तेवढी जास्त हवा मिळते. रॉकर बदलण्याचा मोह इथून सुरू होतो.

रॉकर डोक्यावर आला तो फुकट आला नाही. त्याने इंजिनाची उंची वाढवली आणि त्याला झाकण लागले. हा बदल भारतात कसा घडला याचे धागेही सोलापूरपर्यंत येतात. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापूरचा. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो गाड्या बाहेर पडू लागल्या. या गाड्यांची सहा सिलिंडरची इंजिने फ्लॅटहेड जातीची होती. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच, कॅमशाफ्टच्या थेट वर. ना पुश रॉड, ना रॉकर. वरचे हेड म्हणजे एक सपाट लोखंडी फळी. टॅपेट सेट करायचे तर ब्लॉकच्या बाजूची छोटी झाकणे उघडायची. साधे, मजबूत, पण अशा इंजिनात हवेला वळसा घालून आत यावे लागते आणि कॉम्प्रेशनही फार वाढवता येत नाही.

त्याच क्रायस्लरने १९६४ मध्ये ४२६ घन इंचांचे हेमी इंजिन शर्यतीत उतरवले आणि त्या वर्षीच्या डेटोना ५०० मध्ये पहिले तीनही क्रमांक हेमी गाड्यांनी घेतले. त्या इंजिनात व्हॉल्व्ह दोन दिशांना कललेले होते, रॉकरही दोन वेगवेगळ्या शाफ्टवर. झाकणे इतकी रुंद झाली की स्पार्क प्लग थेट त्यांच्या मधून आत उतरवावे लागले. कुर्ल्याच्या प्लिमथचे सपाट डोके आणि हेमीची ती अवाढव्य झाकणे एकाच घराण्याची, हे शेजारी ठेवल्याशिवाय पटत नाही. कुर्ल्यात मात्र पुढे फियाटशी संबंध जुळला आणि प्रीमियर पद्मिनीच्या १०८९ सीसीच्या छोट्या इंजिनाने पुश रॉड आणि रॉकर भारतातल्या गल्लोगल्लीच्या मेकॅनिकच्या हाती दिले.

झाकणाच्या उंचीचा सगळ्यात बोलका दाखला त्याहून ओळखीचा आहे. तो म्हणजे महिंद्राची जीप. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचे बॉनेट बसके आहे, कारण तिचे गो-डेव्हिल इंजिन फ्लॅटहेड होते. पुढे विलीजने त्याच १३४ घन इंचांच्या इंजिनाला नवे हेड दिले. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच ठेवले, पण हवा आत घेणारे व्हॉल्व्ह मोठे करून वर नेले आणि त्यांच्यासाठी वर चार रॉकर बसवले. हे हरिकेन इंजिन. अश्वशक्ती ६० वरून ७२ च्या आसपास गेली. पण रॉकर आणि त्यांच्यावरचे झाकण आल्याने इंजिन जुन्या बॉनेटखाली मावेना. १९५३ मध्ये आलेल्या सीजे-थ्रीबी जीपचे बॉनेट आणि समोरची जाळी त्यामुळेच चांगलीच उंच झाली. महिंद्राने हीच जीप परवान्याखाली भारतात कित्येक दशके बनवली. निवडणुकीच्या प्रचारापासून उसाच्या फडापर्यंत सगळीकडे फिरलेली ती उंच नाकाची जीप रॉकरला जागा देण्यासाठी तशी झाली होती. कारखाना अख्खे बॉनेट बदलू शकतो. घरच्या गॅरेजमध्ये गाडी घेऊन बसलेल्या माणसाच्या हातात फक्त टॅपेट कव्हर असते.

आता मूळ प्रश्नाकडे. १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओपासून ज्या गाड्यांना मसल कार म्हणू लागले, त्या कमरेने मध्यम आणि इंजिनाने दांडग्या. कॅमारो, शेव्हेल, मस्टँग, चार्जर ही नावे त्यातलीच. यातल्या शेव्हरोलेंच्या बॉनेटखाली बहुतेक वेळा १९५५ मध्ये आलेल्या स्मॉल ब्लॉक व्ही-एटचे कुठले ना कुठले रूप असे. त्या इंजिनाचा रॉकर ही स्वस्त आणि मस्त अभियांत्रिकीची कमाल होती. पॉन्टियाकच्या क्लेटन लीच या अभियंत्याने ही रचना काढली आणि १९५५ च्या पॉन्टियाक व शेव्हरोले दोन्ही व्ही-एटनी ती वापरली. तोपर्यंत रॉकर एका लांब शाफ्टवर ओवलेले असत. लीचच्या रचनेत शाफ्ट नाही. प्रत्येक रॉकर जाड पत्र्याला दाबून केलेला. तो आपापल्या उभ्या स्टडवर एका अर्धगोल गोळीभोवती डुलतो आणि वरून एक नट त्याला धरून ठेवतो. शेव्हरोलेत तेल पोकळ पुश रॉडमधून वर येते आणि रॉकरवर सांडते. हलका, कमी खर्चाचा, नट फिरवला की टॅपेट सेट. कारखान्यातून निघालेल्या गाडीला यापेक्षा जास्त काही लागत नव्हते.

लागायला लागते ते स्प्रिंग बदलल्यावर. जास्त फेऱ्यांवर व्हॉल्व्ह वेळेत बंद व्हावा म्हणून कडक स्प्रिंग घातली, की रॉकरवरचा भार वाढतो. पत्र्याचा रॉकर लवतो. गोळी आणि रॉकर यांच्यामध्ये घर्षणाने उष्णता साचते. हेडमध्ये नुसते दाबून बसवलेले तीन सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) स्टड हळूहळू वर निघू लागतात. म्हणून शर्यतवाल्यांनी आणि त्यांच्या मागोमाग हौशी लोकांनी रोलर रॉकर आणले. अॅल्युमिनियमचा किंवा पोलादाचा भक्कम देह, मध्यावर गोळीऐवजी सुईसारख्या बारीक रोलरांचे बेअरिंग, टोकाला व्हॉल्व्हवर फिरणारे छोटे चाक. स्टड आटे पाडून बसवलेले आणि जाडीला साडेतीन सूत. नटाच्या जागी पॉलिलॉक, म्हणजे लांबट नट आणि त्याच्या पोटात वरून कसायचा लॉक स्क्रू.

यातला प्रत्येक भाग जुन्यापेक्षा उंच किंवा रुंद आहे. स्टड लांब, पॉलिलॉक त्याच्याही वर, रॉकरचे अंग जाड. लांब पुश रॉड घातले तर पुश रॉडकडचे टोक आणखी वर. वाढ प्रत्येक ठिकाणी काही मिलिमीटरची, आणि मूळ झाकण तर जुन्या, ठेंगण्या रॉकरच्या मापाने दाबलेले.

टक्कर नेमकी कुठे होते हे शोधण्यात खरी मजा आहे. पहिला संशयित पॉलिलॉकचे डोके आणि झाकणाचे छत. दुसरा, झाकणाच्या आत जोडलेली पत्र्याची पट्टी, म्हणजे बॅफल. ब्रीदर आणि पीसीव्ही व्हॉल्व्हच्या भोकांखाली ती असते आणि बाहेरून दिसतच नाही. तिसरा संशयित कमी जणांना ठाऊक असतो: काही जुन्या झाकणांच्या आतून रॉकरवर तेल थेंबथेंब पडावे म्हणून बारीक पत्र्याच्या जिभा जोडलेल्या असत. जुन्या रॉकरला त्या उपकारक, नव्याला आडव्या. चौथी जागा झाकणाच्या बाजूच्या भिंती आणि कोपरे; रुंद रॉकर तिथे घासतो. ओतीव अॅल्युमिनियमच्या देखण्या झाकणांमध्ये आतल्या बाजूला उभ्या पट्ट्या आणि बोल्टसाठी जाड खांब असतात, ते आणखी वेगळे. झाकण उंच आहे एवढ्यावर विसंबून चालत नाही. छत मोकळे असूनही एखादा खांब आडवा येऊ शकतो.

तपासायची रीत सोपी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. प्रत्येक रॉकरच्या सगळ्यात उंच जागी, पॉलिलॉकच्या डोक्यावर आणि बाजूंना मुलांच्या खेळण्यातल्या मातीच्या गोळ्या चिकटवायच्या. झाकणाच्या आत थोडे तेल पुसायचे, म्हणजे माती त्याला चिकटणार नाही. शेवटी वापरायचे तेच पॅकिंग घालून झाकण हलक्या हाताने कसायचे. मग स्पार्क प्लग काढून, मोठ्या पान्याने क्रँक पूर्ण दोन फेऱ्या फिरवायचा. दोनच का, तर तेवढ्यात कॅमशाफ्टची एक फेरी होते आणि प्रत्येक रॉकर एकदा खाली-वर होतो. झाकण काढून दाबल्या गेलेल्या मातीचे आडवे काप घ्यायचे आणि व्हर्निअरने जाडी मोजायची. दीड मिलिमीटर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत साठ थाऊ, मोकळे असले तर बरे. त्याहून कमी असेल तर इंजिन तापल्यावर, वेगात, स्प्रिंग थरथरत असताना अंतर संपू शकते. पॅकिंग न घालता मोजणारे महाभागही असतात, आणि कॉर्कच्या पॅकिंगला दाबले की ते बसते हे विसरणारे त्याहून जास्त.

रॉकर आपटतो आहे हे कळले की पहिला हात ग्राइंडरकडे जातो. बॅफल काढून टाकले की जागा मिळते, हे खरे. पण ते तिथे का होते? १९६१ पासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींमध्ये आणि १९६३ पासून बहुतेक सगळ्या अमेरिकन मोटारींमध्ये इंजिनाच्या पोटातल्या वाफा हवेत न सोडता पुन्हा इंजिनात जाळण्याची व्यवस्था आली. पीसीव्ही व्हॉल्व्ह हा तिचा दरवाजा. इनटेक मॅनिफोल्डमधली ओढ त्या भोकातून वाफ शोषून घेते. खाली सेकंदाला पन्नास वेळा डुलणारे रॉकर तेलाचा फवारा उडवत असतात. मध्ये बॅफल नसेल तर वाफेबरोबर तेलही शोषले जाते, एक्झॉस्टमधून निळसर धूर येऊ लागतो आणि मालक पिस्टन रिंग संपल्या म्हणून छाती बडवतो. म्हणून बॅफल काढायचे असेल तर पाहिजे तिथे वाकवून, कापून, पण भोकाखाली काहीतरी आडोसा राहील असेच काढावे. पत्रा कापला तर आतला प्रत्येक कण धुऊन काढावा लागतो. अॅल्युमिनियमचा कीस तेलात गेला तर बेअरिंगपर्यंत पोचतो आणि तिथले नुकसान झाकणाच्या किमतीच्या कितीतरी पट होते.

उंचीची अडचण सोडवायचे रस्ते तीन. जाड पॅकिंग हा पहिला आणि सगळ्यात स्वस्त. नेहमीच्या दीड सुताऐवजी अडीच सुताचे घेतले की तीन मिलिमीटर मिळतात. दोन पॅकिंग एकावर एक चिकटवण्याचाही जुना उद्योग आहे, पण त्यात दोन्हींमधून गळायची सोय आपणच करून ठेवतो. दुसरा रस्ता स्पेसर, म्हणजे हेड आणि झाकण यांच्यामध्ये बसणारी अॅल्युमिनियमची चौकट. मूळ झाकण कायम राहते. बोल्ट मात्र लांब घ्यावे लागतात. तिसरा, उंच झाकणे. ती सहज मिळतात, चकाकतात आणि बाहेरच्या नव्या कटकटी घेऊन येतात.

व्ही-एटची टॅपेट कव्हरे दोन्ही कुशींना कललेली असतात, मधोमध एअर क्लीनर सगळ्यात उंच. त्यामुळे झाकण उंच झाले म्हणून बॉनेट आपटेल अशी भीती सहसा नसते. जीपसारखे इथे होत नाही. आडवा येतो तो पॉवर ब्रेकचा बूस्टर. फायरवॉलवर, ड्रायव्हरच्या बाजूला तो गोल डबा असतो आणि मागच्या कोपऱ्यात उंच झाकण त्याला जाऊन भिडते. दुसऱ्या बाजूला एसीच्या कॉम्प्रेसरचे ब्रॅकेट. इंजिन रबराच्या माउंटवर बसलेले असते आणि जोर दिला की ते एका बाजूला कलते, हे लक्षात न घेता उभ्या गाडीत बोटभर फट दिसली म्हणून समाधान मानणाऱ्याला पहिल्याच चढावर आवाज ऐकू येतो.

यावर एक मत स्पष्टपणे मांडायला हरकत नाही. गाडी रस्त्यावर फिरवायची आहे, शर्यतीत नाही, तर पूर्ण रोलर रॉकरचा हट्ट बहुतेकांना परवडण्यासारखा नाही. पैशाने नव्हे, त्याच्या मागून येणाऱ्या कामांच्या रांगेने. स्टड बदला, पुश रॉडची लांबी पुन्हा मोजा, १.६ चे रॉकर असतील तर हेडमधली पुश रॉडची भोके घासतात का पाहा, स्प्रिंगचे वेटोळे एकमेकांना टेकत नाहीत ना आणि व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाही ना हे तपासा, मग झाकण, मग बूस्टर. मध्यम मार्गही आहे. पत्र्याच्याच देहाचे, पण टोकाला रोलर असलेले रॉकर मिळतात. ते जुन्या मापाच्या जवळ असल्याने अनेकदा मूळ झाकणाखाली मावतात आणि बाहेरून काही बदलल्याचे दिसत नाही.

न दिसण्याला भारतात कायद्याचेही कारण आहे. २०२१ मध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीचे जे नियम आले, त्यांत पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून वेगळी ओळख मिळाली. त्यांच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला लावता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कामांपुरती ती रस्त्यावर येते. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही अट. १९६९ ची कॅमारो किंवा १९७० ची चार्जर आज या वयात बसते. अशा गाडीचे मूळ झाकण कापणे म्हणजे तिच्या ओळखीलाच कात्री लावणे. स्पेसर काढून ठेवता येतो, कापलेला पत्रा परत जोडता येत नाही.

राहिले गळतीचे. जुन्या गाडीच्या मालकाला टॅपेट कव्हरमधून तेल गळणे हा स्वभावधर्म वाटतो, पण बहुतेक गळती पान्याने निर्माण केलेली असते. १९८६ पर्यंतच्या स्मॉल ब्लॉकचे झाकण कडेच्या चार बारीक बोल्टनी धरलेले असे. गळते म्हणून बोल्ट आणखी आवळला की पत्र्याची कड बोल्टपाशी खाली दबते, दोन बोल्टांच्या मध्ये वर उचलली जाते आणि तिथूनच तेल येते. पुन्हा आवळा, पुन्हा गळते. १९८७ पासून बोल्ट झाकणाच्या मध्यरेषेवर आले आणि ताण सगळीकडे सारखा वाटला जाऊ लागला. आपल्याकडच्या जुन्या पेट्रोल अॅम्बॅसिडरचे झाकणही वरून दोनच बोल्टांनी दाबलेले असते. तिथे टॅपेटचा गॅप पंधरा थाऊ ठेवून, कॉर्कचे पॅकिंग झाकणाला चिकटवून, बोल्ट हाताला लागेपर्यंत आणि वर थोडासाच कसायचा, हे जुन्या मेकॅनिकना पाठ असे. शेव्हरोलेलाही तेच लागू. दबलेली कड आधी लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने सरळ करावी. दोन्ही पृष्ठभाग तेलाचा अंश न ठेवता पुसावेत. सीलंट लावायचाच तर झाकणाच्या बाजूने, हेडच्या बाजूने कोरडे. म्हणजे पुढच्या वेळी झाकण उचलताना पॅकिंग फाटत नाही. सोलापूरच्या मे महिन्यात, जेव्हा सावलीतच पारा ४२-४३ अंशांवर जातो, बॉनेटखालचे कॉर्क लवकर सुकून आक्रसते. पोलादी पातळ गाभ्यावर रबर चढवलेले पॅकिंग तिथे जास्त टिकते आणि पुन्हा वापरताही येते.

गळती फक्त जमिनीवरच्या डागापुरती नसते. टॅपेट कव्हरच्या लगेच खाली एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आहे. चालून आलेल्या गाडीचा तो भाग तेलाचा धूर करण्याइतका आणि प्रसंगी पेट घेण्याइतका तापलेला असतो. म्हणून नव्या रॉकरांवर झाकण चढवून इंजिन पहिल्यांदा सुरू केले की गाडी लगेच बाहेर काढायची नाही. पंधरा-वीस मिनिटे जागेवर चालू ठेवून बॅटरीच्या उजेडात झाकणाची खालची कड न्याहाळायची, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बोल्ट एकदा पुन्हा तेवढ्याच हलक्या हाताने तपासायचे. शे-दोनशे किलोमीटर चालवल्यावर झाकण आणखी एकदा उघडावे आणि आतून नीट पुसून उजेडात धरावे. छतावर, बॅफलवर किंवा खांबावर कुठे धातू चमकवणारी बारीक रेघ उमटली असेल, तर त्या जागी टक्कर अजून होते आहे. मातीच्या गोळीने दाखवलेले अंतर चालत्या इंजिनात उरलेले नाही. अशा वेळी आतून घासत बसण्यापेक्षा दीड सुताचा स्पेसर मागवलेला बरा.